अक्का, तंगी आणि दुपारचे ऊन

हंपीच्या धोंड्यांची छायाचित्रे कोणत्या वेळी काढतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. ऊन उतरू लागले की मातंग टेकडीवर कॅमेरे जमतात, आणि मग प्रत्येक धोंडा बेसनाच्या लाडवासारखा दिसू लागतो. बँकांच्या कॅलेंडरांवर, लग्नाच्या आल्बमांत हेच चित्र असते. ते देखणे असते हे कबूल. पण त्यात पाहायला मिळते ते ऊन. धोंडा त्या उन्हापुरता उभा केलेला असतो.

ही तक्रार मी बरीच वर्षे तोंडी करत आलो होतो. गेल्या थंडीत ती पायी तपासून पाहावी असे ठरवले. हंपीहून कमलापूर, तिथून माल्यवंत टेकडी, पुढे तळवारघट्टा आणि नदीपलीकडे आनेगुंदी. सकाळी सातला निघायचे आणि ऊन डोक्यावर असताना, म्हणजे छायाचित्रकार जेव्हा जेवून झोपतात त्या वेळी, चित्रे काढायची.

कमलापूरच्या वाटेवर अक्का-तंगी भेटतात. एकमेकींवर रेललेल्या दोन प्रचंड शिळा. हंपीला नावे ठेवली म्हणून दोघी बहिणी दगड झाल्या, अशी गोष्ट आहे. (अक्का आपल्याकडेही आहे, तंगीसाठी मात्र कन्नड यावे लागते.) दोघींपैकी एकीचा मोठा भाग मागे ढासळला. सकाळच्या कोवळ्या उन्हात मी घेतलेल्या चित्रात ही मोड कळतच नाही. नंतर उन्हाचा तिरपेपणा गेला, तेव्हा जुने काळवंडलेले अंग आणि आतला उजळ दगड वेगळे दिसले, आणि त्या चित्रात पहिल्यांदा काहीतरी घडलेले आहे असे वाटले.

कारण या दगडाची सारी हकीकत त्याच्या भेगांत आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, लाव्ह्याचा. इथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, जमिनीखाली खोलवर थिजलेला. त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या, चिरांतून पाणी मुरले, कोपरे आधी कुजले, भोवतालची माती वाहून गेली आणि गोल गाभे जागच्या जागी एकावर एक उरले. वानरांनी फेकलेले धोंडे ही गोष्ट गोड आहे, पण इथे कोणी काही फेकलेले नाही. संध्याकाळचे ऊन नेमक्या या चिरा सावलीत बुडवते आणि गोलाई तेवढी ठेवते. म्हणजे परिणाम दाखवते, कारण लपवते.

विजयनगरच्या पाथरवटांनी मात्र चीर ओळखली होती. माल्यवंतावरच्या रघुनाथाच्या देवळात त्यांनी शिळा फोडली नाही. तिच्यावर मूर्ती कोरली, तिच्याभोवती देऊळ उभे केले आणि शिळेच्या माथ्यावर शिखर ठेवले. देवळामागे खडकाला एक लांब नैसर्गिक भेग आहे. तिच्या कडेने लिंगे आणि नंदी रांगेने कोरलेले आहेत. तिथे मी तास-दीड तास बसलो. डोळ्यांना झळ लागत होती, पण भेग कुठून कुठे जाते ते स्पष्ट दिसत होते.

तिथे मला ग्रीनलॉ आठवला. अलेक्झांडर ग्रीनलॉ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली हंपीची छायाचित्रे कागदी निगेटिव्हवर काढली. त्याला दगडांचे कौतुक नव्हते, तो अवशेष टिपायला आला होता. पण त्या कागदाला निळा रंग फार लवकर लागे, म्हणून आभाळ कोरे पांढरे येई. सूर्यास्ताचा मोह त्याला परवडणाराच नव्हता. कागदाच्या धाग्यांनी बारकावे थोडे पुसतात, तरी कोऱ्या आभाळापुढे टेकडीचा एकेक धोंडा मोजून घ्यावा असा उभा राहतो. विठ्ठल मंदिरापुढच्या दगडी रथावर त्याच्या चित्रात विटांचे शिखर आहे. आज ते नाही. १९८३ साली जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने त्याच जागांवरून पुन्हा चित्रे घेतली. लोक ही जोडचित्रे पाहतात ती इमारतींत काय बदलले हे शोधण्यासाठी. मला वाटते, जे बदलले नाही त्या मागच्या धोंड्यांसाठीही ती पाहावीत. हंपीच्या दगडाची उत्तम चित्रे दगडाकडे लक्ष नसलेल्या माणसाने काढली, हे आम्हा हौशी मंडळींना जरा झोंबणारे आहे.

तळवारघट्ट्याला नाववाल्याने कॅमेरा पाहून कन्नडमधून विचारले, देवळे तर मागे राहिली, आता कसले फोटो? मी ‘कल्लु’ म्हणालो. दगडच ना, म्हणून तो हसला; मग वल्हे थांबवून पात्रातल्या एका खडकाकडे बोट दाखवले आणि पूर कुठवर येतो ती रेघ दाखवली. ती मी घेतली.

दिवसभरात शे-सव्वाशे चित्रे झाली. ठेवण्याजोगी तीन: तंगीची मोड, माल्यवंतावरची भेग आणि ती पुराची रेघ. घरी मोठे करून लावले आहे ते मात्र परतीच्या नावेतून, निव्वळ सवयीने काढलेले संध्याकाळचे. घरच्यांनी तेच निवडले.