अकरा मिनिटांची संगीतिका

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला आणि जाताना एक ध्वनिमुद्रिका ठेवून गेला. "गुरुजी, सगळी मिळून अकरा-साडेअकरा मिनिटांची आहे. चहा निवायच्या आत संपेल," असे तो म्हणाला. चहा निवायच्या आत ती खरोखरच संपली. पण तिचा विचार काही संपेना. वर्षभर अधूनमधून मी ती ऐकत आलो आहे, आणि माझे तिच्याशी एक भांडण आहे. ते भांडण काय, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू.

ध्वनिमुद्रिकेचे नाव 'वायर अँड ग्लास'. तार आणि काच. ती जुलै २००६ मध्ये निघाली. करणारी मंडळी म्हणजे लंडनचा 'द हू' हा रॉक वाद्यवृंद. १९६४ साली हे नाव घेऊन चौघेजण उभे राहिले: गाणी रचणारा आणि गिटार वाजविणारा पीट टाऊनशेंड, गाणारा रॉजर डाल्ट्री, खर्जाची गिटार वाजविणारा जॉन एन्टविसल आणि ढोल वाजविणारा कीथ मून. मून १९७८ मध्ये गेला, एन्टविसल २००२ मध्ये. ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा चौघांतले दोघेच उरले होते, आणि त्या दोघांनीही साठी ओलांडलेली होती. १९८२ नंतर नव्या गाण्यांचा एकही संग्रह त्यांनी काढलेला नव्हता. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचे आणि बोलायचे ते अकरा मिनिटे! काटकसर म्हणावी की धाडस, असा पहिला प्रश्न मनात येतो.

वास्तविक थोडक्यात गोष्ट सांगण्याची ह्या मंडळींची खोड जुनीच. १९६६ च्या डिसेंबरात त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात शेवटी नऊ-दहा मिनिटांची जागा रिकामी राहत होती. त्यांचा व्यवस्थापक किट लॅम्बर्ट ह्याने सुचविले, की छोटी छोटी गाणी जोडून एक गोष्टच करा. टाऊनशेंडने केली. नवरा वर्षभर परगावी, बायको व्याकुळ, एका इंजिन-ड्रायव्हरापाशी तिचा पाय घसरतो. नवरा परततो, ती सारे कबूल करते आणि तो तिला क्षमा करतो. मौज अशी की, एका ठिकाणी चेलो ह्या वाद्याची साथ हवी होती आणि तिच्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा ह्या पठ्ठ्यांनी 'चेलो, चेलो' असे तोंडानेच गाऊन वेळ मारून नेली! गरजेपोटी जन्मलेल्या ह्या पोरातूनच पुढे १९६९ ची 'टॉमी' ही पाऊण तासाहून कितीतरी मोठी संगीतिका वाढली, आणि १९७३ ची 'क्वाड्रोफेनिया'ही.

ह्या इंग्रजी मंडळींशी आपल्या मातीचा एक खरा धागा जुळलेला आहे. टाऊनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. बाबा १८९४ मध्ये पुण्यात जन्मले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत सोडले नाही. नगरजवळ आरणगावच्या माळावर, मेहेराबादेस त्यांची समाधी आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी निघालेल्या 'टॉमी'च्या वेष्टनावर बाबांचे नाव आहे. आणि तिचा नायक कोण, तर ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, बोलता येत नाही असा एक मुलगा! १९७१ च्या एका प्रसिद्ध गाण्याच्या शीर्षकातील 'बाबा'ही हेच. आणि विरोधाभास पाहा: मौनी गुरूच्या ह्या शिष्याची मंडळी सर्वांत मोठ्या आवाजाची म्हणून गाजली. १९७६ साली लंडनच्या चार्लटन मैदानावर बत्तीस मीटरांवरून मोजलेला त्यांचा आवाज १२६ डेसिबल भरला आणि गिनीजच्या पुस्तकात नोंदला गेला. त्या आवाजाची किंमत टाऊनशेंडच्या कानांनी पुढे मोजली.

मौन आणि कल्लोळ ह्यांच्यामधला हा ताण ध्यानात घेतला, म्हणजे 'वायर अँड ग्लास'ची गोष्ट उलगडते. टाऊनशेंडने लिहिलेल्या 'द बॉय हू हर्ड म्युझिक' ह्या लघुकादंबरीवर ती आधारलेली आहे. रे हाय नावाचा एक म्हातारा गायक आरोग्यधामात पडून आहे. तेथून त्याला तीन मुले दिसतात: गेब्रिएल, जॉश आणि लैला, एक ख्रिस्ती घरातला, एक ज्यू, एक मुसलमान. तिघे मिळून एक वाद्यवृंद काढतात. रेचे जुने कागद त्यांच्या हाती लागतात. तारांच्या जाळ्याने सगळ्या माणसांना एका संगीतात ओवावयाचे, असा बेत त्यांत असतो. मुलांना यश मिळते, यशाबरोबर कुरबुरी येतात, आणि मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी तिघांतल्या एकाचा जीव जातो. हा बेत टाऊनशेंडचा स्वतःचाच होता. प्रत्येक माणसाचा त्याचा असा एक सूर शोधावा आणि ते सारे सूर जुळवावेत, अशी 'लाइफहाउस' नावाची संगीतिका त्याने १९७१ मध्ये आखली होती. ती तडीस गेली नाही. पस्तीस वर्षांपूर्वी हातून निसटलेले स्वप्न म्हातारपणी तीन पोरांच्या हाती देऊन पाहणे, हा ह्या अकरा मिनिटांचा खरा विषय आहे.

आता गुणदोषांकडे वळू. सहा गाण्यांपैकी पाच गाणी दोन मिनिटांच्या आतली आहेत. त्यांत उरक आहे, जोम आहे. डाल्ट्रीच्या गळ्यात तरुणपणीची धार नसली, तरी तिच्या जागी एक खरबरीत प्रामाणिकपणा आला आहे, आणि तो रेच्या तोंडी शोभतो. परंतु जरा कोठे मन रमते न रमते तोच गाणे संपते. ह्यांपैकी दोन गाण्यांची लांबविलेली रूपे पुढे स्वतंत्रपणे काढावी लागली, ह्यातच काय ते आले. कादंबरीची कथा करताना काय होते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. प्रसंग उरतात; माणसे गळतात. येथेही लैला नावापुरतीच राहते. कादंबरी न वाचलेल्याला कोण मेला आणि का, हे उमगणे कठीण.

सहावे गाणे मात्र चार मिनिटांचे आहे आणि तेच ह्या ध्वनिमुद्रिकेचे वैभव. 'मिरर डोअर', म्हणजे आरशाचे दार. त्या दारापलीकडे दिवंगत गवयांची सभा भरली आहे, आणि एकेकाचे नाव पुकारले जाते. आपल्याकडे सर्वपित्रीला जशी घरातल्या गेलेल्यांची नावे घेतात, तसेच हे. गंमत म्हणजे ह्या यादीत डोरिस डे ह्या गायिकेचेही नाव टाऊनशेंडने चुकून घातले. त्या बाई तेव्हा हयात होत्या. गेल्या त्या २०१९ मध्ये! चूक खरीच, पण जिवंतांनाही ह्या सभेत बसविणाऱ्या म्हाताऱ्याचा मला राग येत नाही.

मग भांडण कशाचे? शेवटाचे. ही ध्वनिमुद्रिका मेलेल्यांच्या सभेत संपते. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस 'एंडलेस वायर' हा मोठा संग्रह निघाला. त्यात हीच संगीतिका दहा गाण्यांची, सुमारे एकवीस मिनिटांची होऊन आली, आणि तिच्या शेवटी आले 'टी अँड थिएटर'. तिघांतले उरलेले दोघे म्हातारपणी चहाला बसले आहेत. नाटक झाले, जिंकलो, हरलो, एक जण गेला. आता एवढा चहा घेऊ. वाद्यांचा गजर नाही, आरडाओरडा नाही. पुढच्या दौऱ्यांत सगळे साथीदार बाजूला होत, आणि कार्यक्रमाच्या अखेरीस डाल्ट्री आणि टाऊनशेंड दोघेच हे गाणे म्हणत. गोष्टीतले दोघे आणि रंगमंचावरचे दोघे ह्यांच्यात मग अंतर कसले राहिले? एके काळी एकमेकांवर हात उगारलेले हे दोन मित्र. बाकीच्या दोघांना पोहोचवून आलेले. १२६ डेसिबलांची मंडळी अखेर मौनाच्या इतक्या जवळ येऊन थांबली.

हे गाणे त्या छोट्या ध्वनिमुद्रिकेत नाही, हीच माझी तक्रार. अकरा मिनिटे थोडी म्हणून नव्हे; हवी होती ती पंधराच, पण ही साडेतीन मिनिटे तीत हवी होती. १९६६ ची नऊ मिनिटे क्षमेपाशी संपली म्हणून पुरी वाटली. २००६ ची अकरा मिनिटे मृत्यूपाशी संपतात म्हणून अपुरी वाटतात. गोष्ट मरणाऱ्याची नसते, मागे राहणाऱ्याची असते, हे टाऊनशेंडला ठाऊक होते. सांगायला त्याने तीन महिने उशीर केला इतकेच.

यंदाही तो विद्यार्थी फराळाला येईल. ध्वनिमुद्रिका परत करताना मी त्याला बजावणार आहे, की शेवटचे ते गाणे जोडल्याखेरीज ही कुणालाही ऐकवू नकोस. आणि चहा पुन्हा गरम करायला सांगेन.