इ. स. १७८६ आणि तौलनिक भाषाशास्त्राचा जन्म : एका रूढ विधानाचे परीक्षण

इ. स. १७८६ हे वर्ष जागतिक घडामोडींच्या कोणत्याही जंत्रीत ठळकपणे भरते. त्या वर्षी १ मे रोजी व्हिएन्ना येथे मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. ऑगस्टमध्ये माँ ब्लाँ शिखरावर मानवाचे पाऊल प्रथमच पडले आणि त्याच महिन्यात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक मरण पावला. सप्टेंबरात कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास दाखल झाला. दक्षिणेत पेशवे व निजाम यांच्या संयुक्त फौजांनी टिपूकडून बदामी घेतली. या घटनांपुढे २ फेब्रुवारी रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने दिलेले वार्षिक व्याख्यान क्षुल्लक वाटावे. तथापि याच व्याख्यानातील एका परिच्छेदावरून १७८६ हे तौलनिक भाषाशास्त्राचे जन्मवर्ष ठरविले गेले आहे. हे विधान कितपत ग्राह्य आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

साम्याचा शोध हीच कसोटी मानली, तर हा मान जोन्सकडे जात नाही. पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सने गोव्याहून १५८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन यांच्याशी असलेले साम्य नमूद केले होते. पाँडिचेरीच्या केर्दू या जेझुइटाने १७६७ मध्ये अशाच साम्याचे पुरावे पॅरिसच्या अकादमीस कळविले. ते १८०८ पर्यंत छापले गेले नाहीत, एवढेच. हॅल्हेडनेही १७७८ च्या आपल्या बंगाली व्याकरणाच्या प्रस्तावनेत हा विषय मांडला होता.

मग जोन्सचे वेगळेपण कशात? धातू व व्याकरणिक रूपे या दोहोंतील साम्य योगायोगाने घडणे शक्य नाही, हे त्याने स्पष्टपणे सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची जननी न मानता, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमाची कल्पना त्याने मांडली. याच सुमारास पीटर्सबर्ग येथे पाल्लास सुमारे दोनशे भाषांतील शब्दांची तुलनात्मक कोष्टके सिद्ध करीत होता. कोष्टकात शब्द शेजारी बसतात. परंतु शेजार म्हणजे नाते नव्हे. धातू व प्रत्यय यांचे पृथक्करण संस्कृत व्याकरणपरंपरेने पूर्वीच करून ठेवले होते. जोन्सने १७८५ मध्ये कृष्णनगर येथील रामलोचन नावाच्या शिक्षकापाशी संस्कृतचे अध्ययन आरंभिले होते. त्याच्या दृष्टीमागील हे ऋण इतिहासकारांनी क्वचितच पुरेसे मोजले आहे.

परंतु तोच परिच्छेद सुटा काढून वाचल्याने जोन्सवर अन्याय होतो आणि इतिहासावरही. व्याख्यानाचा मुख्य विषय भाषा नसून हिंदूंचे मूळ हा होता, आणि त्यात चिनी, जपानी व पेरूवासी यांनाही त्याने हिंदूंच्या नातलगांत बसविले. उलटपक्षी हिंदीतील बहुसंख्य शब्द संस्कृतोद्भव असल्याचे मान्य करूनही, तिची घडण भिन्न दिसते म्हणून तिचे मूळ त्याने संस्कृतबाहेर शोधले. ही चूक बोधप्रद आहे. व्याकरणाची कसोटी योग्य होती. पण संस्कृत व अर्वाचीन भाषा यांमधील प्राकृत-अपभ्रंशाच्या पायऱ्या वगळल्याने ती फसली. रूपे कालांतराने झिजतात व नवी घडतात, याचा हिशेब त्याच्यापाशी नव्हता. तो हिशेब बॉप (१८१६), रास्क (१८१८) व ग्रिम (१८२२) यांनी क्रमशः मांडला. मराठीपुरते पाहता, ज्यूल ब्लॉकच्या १९२० मधील ग्रंथाने या मधल्या पायऱ्यांचे मोल सिद्ध केले.

सारांश, १७८६ ला जन्मवर्ष म्हणण्यापेक्षा एका फलदायी अनुमानाचे वर्ष म्हणणे अधिक युक्त होय. अनुमानास शास्त्राची पदवी पद्धतीने मिळते, आणि ती पद्धत पुढील पिढीची कमाई आहे. जोन्सचा गौरव करताना त्याच्या आधीचे पत्रलेखक, त्याचे शिक्षक आणि त्याच्या चुका यांना वगळले, तर उरते ती केवळ एक तारीख.