आकडा उतरला म्हणजे पोलीस चांगले?

बुलडाणा पोलिसांचं काम कसं चाललंय, असं विचारलं की लगेच 'यंदा गुन्हे किती?' इथं गाडी येते. माझी हरकत या मोजपट्टीलाच आहे.

समजा, मोताळा तालुक्यातल्या शेतकऱ्याची विहिरीवरची तीन हजारांची केबल चोरीला गेली. जून 2024 पर्यंत हा दखलपात्र गुन्हा होता, एफआयआर व्हायलाच हवा होता. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरली. आता ठाण्यात एनसी घेतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. केबल गेली ती गेलीच, पण दखलपात्र चोऱ्यांच्या आकड्यात ती दिसणार नाही. म्हणून 2023 आणि 2025 च्या चोऱ्यांची थेट तुलना फसवी आहे.

नोंद वाढणं आणि गुन्हेगारी वाढणं वेगळं, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही सांगतो. तरी 'आकडा का वाढला?' असाच जाब विचारला, तर ठाणेदाराला सोपी वाट एकच: तक्रारच घ्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात नेमकं यालाच हरकत घेतली होती.

मग मोजायचं काय? आलेल्या तक्रारींपैकी किती नोंदल्या, एनसीवर किती भागवलं, आणि तपास कुठवर आला हे तक्रारदाराला 90 दिवसांत कळवलं का. कळवणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पोलिसांची परीक्षा इथंच होते.