जमीन आरोग्य पत्रिकेत नसलेला रकाना

शाळेत परसबाग करायची ठरली की विज्ञानाचे शिक्षक मुलांकडून मातीचा नमुना काढून घेतात, तो प्रयोगशाळेत पाठवतात आणि आलेला अहवाल वर्गात वाचून दाखवतात. उपक्रम चांगलाच आहे. आमची तक्रार आहे ती त्या अहवालातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी. 'जमीन चांगली' एवढे वाचून पालक पेरला जातो. पण या जमिनीतला पालक खाण्यास निर्धोक आहे का, हे अहवालाने सांगितलेलेच नसते.

केंद्र सरकारने 2015 साली सुरू केलेली जमीन आरोग्य पत्रिका पाहावी. तिच्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. हा पत्रिकेचा दोष नव्हे. पिकाला काय कमी पडते एवढेच पाहण्यासाठी ती आहे. जस्ताचे उदाहरण घ्या. डीटीपीए द्रावणात उतरणारे जस्त किलोमागे 0.6 मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तर कमतरता, जास्त असले तर 'पुरेसे'. जस्ताचा मुलामा दिलेले गंजके पत्रे जेथे वर्षानुवर्षे पडून होते, त्या जागेलाही हेच प्रशस्तिपत्र मिळेल!

शेतात हे चालून जाते, शहरातल्या शाळेच्या आवारात नाही. तेथे जुन्या भिंतीचा खरवडलेला रंग मातीत मिसळलेला असतो, कुंपणापलीकडे बॅटऱ्या दुरुस्त होत असतात. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, पावसाने फारसे खालीही जात नाही. वरच्या थरात बसून राहते.

नमुना घेण्याची पद्धतही शेताचीच उचलली जाते. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे आणि सगळी माती एकत्र करायची. सुपीकतेसाठी सरासरी हवी असते. विषाच्या बाबतीत सरासरी फसवते. समजा, आठ जागी किलोमागे 50 मिलिग्रॅम शिसे आहे आणि भिंतीलगतच्या नवव्या जागी 1200. मिश्रणात येतील सुमारे 178. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीसाठीची तपासणी-पातळी 2024 साली 400 वरून 200 वर आणली. आपले मिश्रण तिच्याही खाली! आणि मुलांचा वाफा असतो तो बहुधा भिंतीलगतच, नळाजवळ.

'शिसे झाड फारसे शोषत नाही, मग भीती कशाची?' असे काही जाणकार विचारतात. वांगी, टोमॅटो यांच्या फळांपुरते ते बरोबर आहे. पण किलोमागे 400 मिलिग्रॅम शिसे असलेल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये 0.4 मिलिग्रॅम शिसे असते. एवढी माती एक किलो पालेभाजीला चिकटून राहिली, तरी कोडेक्सने पालेभाज्यांसाठी घातलेली किलोमागे 0.3 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. शिवाय वाफ्यात खेळलेले हात तोंडात जातात ते वेगळेच. हे गणित सातवीच्या वर्गातही करता येईल.

कॅडमियमची तऱ्हा वेगळी. ते मुळांतून पानांत सहज चढते, आम्लधर्मी मातीत अधिकच. म्हणून कोकणच्या जांभ्या मातीत त्याची धास्ती देशावरच्या काळ्या मातीपेक्षा जास्त. येथे मात्र पत्रिकेतला सामूचा आकडा खरोखर उपयोगी पडतो.

तेव्हा भिंतीलगतची, रस्त्याकडेची आणि मधली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी, वरचा थर निराळा ठेवावा आणि प्रयोगशाळेकडे आम्लात विरघळवून मोजलेले 'एकूण शिसे' मागावे. कृषी प्रयोगशाळेत ही सोय नसेल तर पर्यावरण तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत विचारावे. पैसे एकाच नमुन्यापुरते असतील तर भिंतीलगतची माती पाठवावी. आणि उत्तर येईपर्यंत वाफ्यात पालक, मुळा न लावता भेंडी लावावी, काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत.