अलाइनरचे पत्रक: नियम आहेत, ‘का’ नाही

दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलाइनरसोबतची माहितीपत्रके सुबक असतात. पण बहुधा ती आज्ञा देतात, कारण सांगत नाहीत. ‘गरम पाण्यात धुवू नका.’ का? हे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते. आकार बिघडला, की दातांवरचा दाब चुकतो. ‘खाल्ल्यावर ब्रश करूनच घाला.’ का? दिवसाचे २० ते २२ तास दात झाकलेले असतात. अडकलेली साखर लाळेने धुतली जात नाही.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक खुलासा हवा. पांढरकवडा, झरी जामणी भागात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले आहे. त्याचे डाग दात घडतानाच एनॅमलमध्ये पडतात. अलाइनर कितीही घासला तरी ते जाणार नाहीत.

असे पत्रक वर्गात वाचा आणि प्रत्येक नियमापुढे मुलांना ‘का?’ लिहू द्या.