'कुठेही चालणारं घड्याळ': एका दाव्याची तपासणी

महागड्या स्पोर्ट्स घड्याळांची परीक्षणं वाचलीत तर एक वाक्य हमखास भेटतं: 'प्रवासाला आणि रोजच्या वापराला हे एकच पुरे.' वस्तू लाखो रुपयांची, तेव्हा दावा जरा तपासून बघू या. प्रबंधाचा आराखडा लिहिताना हीच सवय कामी येते.

पहिला प्रश्न: 'प्रवासाला उत्तम' म्हणजे नेमकं काय? रोलेक्सचं जीएमटी-मास्टर 1950च्या दशकात पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी आलं. आजच्या मॉडेलमध्ये तासकाटा एकेक तासाने सरकतो आणि 24 तासांचा वेगळा काटा घरची वेळ दाखवतो. न्यूयॉर्कहून पॅरिसला जाणाऱ्यासाठी झकास! पण तुम्ही मुंबईहून लंडनला निघालात तर? फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. तासकाटा अर्धा तास सरकतच नाही. मिनिटकाटा फिरवावा लागतो आणि घरची वेळ मनात हिशेब करून वाचावी लागते. घड्याळ वाईट नाही. परीक्षकाच्या मनातला 'प्रवासी' पूर्ण तासांच्या देशांतला आहे. आपण याला बाह्य वैधतेचा प्रश्न म्हणतो: निष्कर्ष जिथे काढला, त्याच्या बाहेर टिकतो का?

दुसरा प्रश्न: एक गुण मिळवताना कोणता गमावला? व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिनचं ओव्हरसीज वर्ल्ड टाइम अर्ध्या-पाऊण तासांच्या फरकांसह 37 ठिकाणांच्या वेळा दाखवतं. आपली अडचण सुटली. पण व्यास 43.5 मिलिमीटर, बारीक मनगटावर, शर्टाच्या बाहीखाली रोज वापरून बघा. 'बहुपयोगी' हा एक चल नाही, अनेकांची बेरीज आहे. कोणाला किती महत्त्व दिलं, हे परीक्षणात क्वचितच लिहिलेलं असतं.

तिसरा: आकडा कशाचा? सीओएससी प्रमाणपत्राची मर्यादा दिवसाला सरासरी −4 ते +6 सेकंद. पण ही चाचणी केसमध्ये न बसवलेल्या यंत्रावर होते, तुमच्या मनगटावर नाही. आकडा खराच, पण त्यावरून काढलेला अर्थ तपासायला हवा.

माझं मत विचाराल तर भारतातून ये-जा करणाऱ्याला ओमेगा ॲक्वा टेरासारखं साधं तीन काट्यांचं घड्याळ जास्त सोयीचं. घरची वेळ फोन दाखवतोच. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, कारण तुमचे निकष वेगळे असतील. फक्त ते आधी लिहून काढा, किंमत नंतर बघा. आणि आपल्या प्रबंधात 'सर्वांसाठी उपयुक्त' असं लिहायला हात शिवशिवला, तर आधी विचारा: सर्व म्हणजे कोण?