रोमन अक्षरे आणि देशी बोल

काही शब्दांचा अर्थ सांगायला बसावे, तर आधी 'कुठल्या प्रांतातला?' असे विचारावे लागते. 'रोमन' हा त्यांतलाच एक. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे रोमन, वसईच्या वाडीवाल्याचा पंथ रोमन कॅथलिक, आणि आजची तरुण मुले मोबाइलवर ज्या अक्षरांत मराठी लिहितात ती अक्षरेही रोमनच. मूळ गाव एक. पण तिथून निघालेला हा शब्द ज्या वाटेने आपल्याकडे आला, त्या वाटेची धूळ अंगावर घेऊन आला.

संस्कृतात तो 'रोमक' झाला. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त ज्या पाच ज्योतिषसिद्धांतांचा परामर्श घेतला, त्यांत एक रोमक सिद्धांत आहे. फारसीच्या वाटेने तोच शब्द 'रूम' होऊन आला. पण हे रूम म्हणजे रोम शहर नव्हे, तर पूर्वेकडील रोमन साम्राज्याची आणि पुढे तुर्कांची भूमी. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतणारा महंमद बिन हसन 'रूमी' म्हणवला जातो, तो या अर्थाने. काष्ठौषधींच्या दुकानातली रुमी मस्तकीही त्याच मुलखाचे नाव लावते. गोव्यात मात्र 'रोमी' म्हटले की रोमन लिपीतली कोंकणीच डोळ्यांपुढे येते.

परंतु साहित्याच्या वाचकाला यांहूनही जवळचा असा एक अर्थ आहे. फ्रेंचांत कादंबरीला 'रोमां' म्हणतात, जर्मनांत 'रोमान'. मध्ययुगीन युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन. तिच्यात न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिणे म्हणजे 'रोमन'मध्ये लिहिणे. पुढे त्या बोलीत सांगितलेल्या कथेलाच ते नाव पडले. आपल्याकडे बाणभट्टाच्या नायिकेचे नाव एका साहित्यप्रकाराला मिळाले. तिकडे ते भाषेच्या नावावरून मिळाले. म्हणजे, आपले संतकवी ज्याला 'देशी' म्हणत, तोच 'रोमन' शब्दाचा एक जुना अर्थ! आज आपण परक्या अक्षरांना रोमन म्हणतो, तेव्हा हा अर्थ आपल्या कानांवर येत नाही.

हे दोन्ही अर्थ एका ठिकाणी आलेले मराठी पुस्तक म्हणजे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वितांनी सुमारे ११,००० ओव्या मराठीत रचल्या, आणि त्या १६१६ साली राचोल येथे छापल्या गेल्या त्या रोमन अक्षरांत. मराठीची त्यांनी गायिलेली थोरवी आपण शाळेपासून देवनागरीत वाचतो. छापून निघाली तेव्हा ती देवनागरीत नव्हती. याचे कारण आवड नव्हे, अडचण. १६०८ साली वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या लिपीत पुस्तके छापलेली पाहण्याची इच्छा कळवली होती. साच्यांची संख्या ६०० वरून २०० वर आणता येईल असाही हिशेब दिला होता. ते खिळे काही पडले नाहीत.

मला महत्त्वाचे वाटते ते असे, की परक्या अक्षरांत लिहिताना त्यांनी मराठीचा कान सोडला नाही. 'ळ' साठी त्यांनी 'एल' दुहेरी लिहिला, 'ट' साठी 'टी' दुहेरी. आपल्या अक्षरात जो ध्वनी नाही तोही वाचकाच्या जिभेवर नीट उतरला पाहिजे, ही ती दक्षता. तरीही लिपीची किंमत मोजावी लागलीच. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलेले हे काव्य गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला अपरिचितच राहिले. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी काढलेली आवृत्तीही रोमनच होती. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ साली.

आता हिंजवडीकडे येऊ. मुळशी तालुक्यातल्या या म्हातोबाच्या गावात संगणकाचे कारखाने आले, देशभरची माणसे आली, आणि गावाचे नाव पाट्यांवर रोमन अक्षरांत चढले. त्या अक्षरांत 'वडी' आणि 'वाडी' एकच दिसतात. मधल्या 'ज'पुढे कुणी 'ए' घातला, कुणी 'ओ' शोभेल असा 'ए' वाचला, आणि हिंजवडीची 'हिंजेवाडी' झाली. मी तिकडे जाताना हे नाव जेवढ्या तोंडून ऐकतो, त्यांतली निम्मी तरी ते पाटीवरून शिकलेली असतात. शेजारच्या माणचे पाहा. रोमन 'एन' 'ण' सांगत नाही. तेव्हा नवखा माणूस त्या गावाला 'मान' म्हणतो आणि गाव मान खाली घालून ऐकते! फोनवरच्या मराठीतही 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो, तो याच वाटेने.

यावर कुणी म्हणेल, दोष रोमन लिपीचाच. मला ते पटत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाने पिढ्यान् पिढ्या रोमीत प्रार्थना, वर्तमानपत्रे आणि तियात्रे लिहिली. १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असे ठरवले, तेव्हा रोमीवाल्यांना लागले ते उगीच नव्हे. त्यांची लिपी परकी असली तरी तीत लिहिलेले त्यांचे होते. एका समाजाने सांभाळलेले लेखन आणि घाईघाईत कसेही उमटलेले लेखन यांत जो फरक आहे, तोच राचोल आणि हिंजवडी यांत आहे.

तेव्हा मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्या मुलांवर मी रागावणार नाही. त्यांच्याकडे स्टीफन्सना न मिळालेले देवनागरीचे खिळे बोटाखाली आहेत, एवढीच आठवण देईन. आणि रोमनच हवे असेल, तर निदान पाटी रंगवणाऱ्याने गावातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव एकदा मोठ्याने उच्चारायला सांगावे आणि मग ब्रश उचलावा.